कुत्रा पाळायचा का, आणि पाळायचा तर कुठला?

घरात कुत्रा आणायचा विचार चालू असेल तर ब्रीडचे फोटो बघणं आधी थांबवा. फोटो बघून ठरवायला गेलं की हस्कीच हवा वाटतो, ते निळे डोळे बघून कोण पाघळणार नाही, पण तो बर्फात मैलोन्मैल स्लेज ओढण्यासाठी तयार झालेला कुत्रा आहे आणि तुम्ही त्याला दिवसभर घरात कोंडून कामावर जाणार असाल तर संध्याकाळी सोफा जागेवर असेलच याची गॅरंटी नाही. म्हणून आधी आपला दिवस कसा जातो ते बघायचं, जात नंतर.

स्टेप १: कुत्रा नसताना कुत्रा पाळून बघा

खरंच सांगतोय. दोन आठवडे रोज पाऊण तास लवकर उठा आणि बाहेर चालून या, संध्याकाळी परत तेवढंच, रात्री झोपायच्या आधी पुन्हा दहा मिनिटं. पाऊस असो, डोकं दुखत असो, पाहुणे आलेले असोत, सुट्टी नाही. घरात 'आपण सगळे मिळून करू' असं ठरलेलं असेल तर ते नेमकं कोणाच्या गळ्यात पडतं हेही यातच कळतं. मुलं 'आम्ही सगळं करू' म्हणतात आणि तेव्हा ती खोटं बोलत नसतात, पण लहान जातीचे कुत्रे 14-15 वर्षंसुद्धा जगतात, आज पाचवीत असलेली मुलगी तोवर शिकून नोकरीला लागलेली असेल आणि कुत्रा तुमच्याकडेच असेल. तेव्हा घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला मनापासून कुत्रा हवा असायलाच पाहिजे.

दोन आठवडे जमलं नाही तर विषय इथेच संपला, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

स्टेप २: अडचणीचे प्रश्न आत्ताच विचारा

घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. कुत्रा रोज किती तास एकटा राहणार ते मोजा, मोठ्या कुत्र्याला चारेक तास ठीक, पण दोन महिन्यांच्या पिल्लाला तेवढा वेळ शू धरून ठेवता येत नाही, त्यामुळे दिवसभर घर रिकामं असेल तर पिल्लू नकोच. गावाला जाताना त्याला कोण सांभाळणार? खर्चात पिल्लाची किंमत धरून चालत नाही, खाणं, दरवर्षीची लस, जंताची औषधं, ग्रूमिंग आणि अचानक येणारं डॉक्टरचं बिल हा खरा खर्च.

ऍलर्जीचंही बघून घ्या. पूडलसारख्या कुत्र्याचे केस कमी गळतात म्हणून तो चालेल असं सर्रास सांगतात, पण ऍलर्जी मुळात कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते, ती शून्य असलेला कुत्रा नसतो. घरच्या सगळ्यांनी आधी कुणाच्या तरी कुत्र्यासोबत तीन-चार वेळा निवांत वेळ घालवून बघायचा.

स्टेप ३: त्याचं मूळ काम काय होतं ते शोधा

माझ्या मते अख्ख्या निवडीत सगळ्यात महत्त्वाचं हेच. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवणारा, मेंढ्या नाहीत म्हटल्यावर तो सायकली आणि पळणारी पोरं वळवतो, रोज डोक्याला काम नसेल तर स्वतःच उद्योग शोधतो. बीगल वासावर धावणारा शिकारी, नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही आणि आवाज असा की शेजारी तुम्हाला ओळखायला लागतात. डॅक्सहुंड बिळात शिरून बिज्जूशी भिडणारा, म्हणून एवढासा असून दादागिरी करतो, आणि त्या लांब पाठीचे त्रास निघतात, त्याला उड्या मारू देऊ नका. लॅब्रॅडॉर माणसाळू, शिकायला सोपा, पण पहिली दोन-तीन वर्षं नुसता धुमाकूळ, आणि खाण्यावर ताबा नाही त्यामुळे झटकन जाड होतो.

साइजवर जाऊ नका. छोटं घर म्हणून छोटा कुत्रा, हे गणित चुकतं. जॅक रसेल टेरियर मांडीएवढा असतो आणि दिवसभर भिंगरीसारखा फिरतो, उलट ग्रेहाउंड एवढा वेगवान कुत्रा, पण एकदा मनसोक्त पळून आला की तासन्‌तास लोळत पडतो. पग वगैरे चपट्या नाकाचे कुत्रे गोड दिसतात खरे, पण त्यातल्या बऱ्याच जणांना श्वासाचा त्रास असतो आणि उन्हाळा झेपत नाही, मी तरी कुणाला सुचवणार नाही.

स्टेप ४: पिल्लू की मोठा?

पहिल्यांदाच पाळणार असाल तर शेल्टरमधला दोन-तीन वर्षांचा मिश्र जातीचा कुत्रा बघाच. त्याचा आकार, अंगातली रग, मुलांशी आणि मांजरांशी कसं जमतं हे सगळं समोर दिसतं, पिल्लाच्या बाबतीत अंदाजच बांधावा लागतो. तो रुळायला वेळ घेतो, पहिले काही दिवस कोपऱ्यात बसला म्हणून घाबरू नका. मोठा कुत्रा जीव लावत नाही म्हणणाऱ्यांनी तो पाळलेला नसतो.

स्टेप ५: प्रत्यक्ष बघायला जा

पिल्लूच घ्यायचं ठरलं तर ते किमान 8 आठवडे आईजवळ राहिलेलं असलं पाहिजे. आईला बघितल्याशिवाय व्यवहार करू नका, ती भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लंही तशी निघू शकतात, आणि विकणारा 'आई इथे नाही, दुसरीकडे आहे' म्हणत रस्त्यातच पिल्लू हातात द्यायला लागला तर सरळ निघा. जर्मन शेफर्ड किंवा लॅब असेल तर आईवडलांच्या खुब्यांची तपासणी झाली आहे का, त्याचे कागद मागा. पिल्लांच्या घोळक्यात सगळ्यांना तुडवत पुढे येणारं नको आणि मागे दडून बसणारं दया येऊन उचलू नका, जे येऊन हुंगतं, थोडं खेळतं, उचललं तर जरा वळवळून शांत होतं ते नवख्या माणसाला बरं पडतं. त्याच दिवशी घरी आणायची घाई नको, एकदा परत जाऊन बघा, आणि आणल्यावर एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे.