घराचे काम निघाल्यावर एसी कसा जपावा

घराचे काम काढताना सोफा, टीव्ही आणि पुस्तकांचे कपाट कुठे हलवायचे याचा विचार सगळेच करतात. भिंतीवरच्या एसीकडे मात्र पुट्टीची घासाई होऊन त्यावर पांढरा थर बसला की लक्ष जाते. एसीची जाळी केस आणि कापसाचे तंतू अडवते, पण पुट्टीची पिठासारखी धूळ तिच्यातून सहज आत जाते. मागच्या कॉइलवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या दाटीने बसवलेल्या असतात आणि थंडावा चालू असताना त्या ओल्या असतात, त्यामुळे त्या धुळीचा लगदा होऊन पत्र्यांमधल्या फटी बुजतात, गारवा कमी होतो आणि पाणी खोलीत ठिबकू लागते.

म्हणून घासाई किंवा फरशी कापण्याचे काम चालू असेपर्यंत एसी पाच मिनिटेही लावू नये. रंग लवकर वाळावा म्हणून तो लावून ठेवण्याची सूचना कुणीतरी हमखास करते; ती ऐकू नये. एसीचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला त्याचा खटका, पाडून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि त्याचा पॉवर पॉइंटही झाकावा, कारण कटर लावायला कारागिरांना नेमका तोच सापडतो.

केवळ रंगकाम असेल तर झाकणे पुरते. आधी अर्धा तास नुसता पंखा चालवून कॉइल कोरडी करावी, मग जाड प्लास्टिक गुंडाळून चारही कडा मास्किंग टेपने बंद कराव्यात. हवा वरूनच आत ओढली जात असल्याने वरची बाजू विशेष जपावी. जुनी चादर टाकून काही साधत नाही. बाहेरचे युनिटही झाकावे, मात्र एसी सुरू करण्याआधी ते आवरण आठवणीने काढावे.

त्याच भिंतीची तोडफोड किंवा तिला लागून पीओपीचे काम असेल, तर एसी उतरवणेच शहाणपणाचे. उतरवताना मेकॅनिकने बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून, मशीन थोडा वेळ चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करावा आणि मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून मशीन लगेच थांबवावे. नट सैल करून गॅस हवेत सोडू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे: भरण्याचा खर्च तर आपल्यालाच पडतो, शिवाय हल्लीच्या अनेक एसींमधला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. पाइपांची तोंडे लगेच बंद करून घ्यावीत. परत बसवताना पाइपांतली हवा काढून घेणारा व्हॅक्यूम पंप लावण्याचा आग्रह धरावा.

एसीचे पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेन पाइपकडे कुणी पाहत नाही. आमच्याकडे गवंड्याने त्याचे तोंड उघडेच ठेवले, त्यात सिमेंटचा माल गेला, आणि एप्रिलमध्ये एसी लावला त्या पहिल्याच रात्री पलंगावर पाणी गळले. नुकतीच रंगवलेली भिंत फोडावी लागली. प्लास्टर होण्याआधी त्या पाइपात मगभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे स्वतः पाहावे. भिंतीत गेलेल्या पाइपांचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

न्हाणीघराचे काम असेल आणि पाणी बंद केले असेल, तर गीझरही बंद ठेवावा. पाण्याविना त्याचे एलिमेंट जळते.

सारे काम संपून घर पुसून झाले की एक दिवस धूळ खाली बसू द्यावी, पुन्हा पुसावे, आणि पाण्याच्या फवाऱ्याने कॉइल व ब्लोअर धुऊन घेतल्यावरच एमसीबीवरची चिकटपट्टी काढावी.