ज्वालामुखीच्या वायूंचे अवरक्त मापन : नव्याने येणाऱ्यांसाठी

पुणे लाव्ह्याच्या खडकावर वसलेले असले तरी तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला, आणि भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तरीही या क्षेत्रात यायचे असेल तर सुरुवात पुण्यातूनच करावी, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते; कारण या कामाचा गाभा प्रारणाच्या भौतिकशास्त्रात आहे.

ज्वालामुखीतून सर्वाधिक बाहेर पडते ती पाण्याची वाफ, आणि त्याखालोखाल बहुधा कार्बन डायऑक्साइड. हे दोन्ही वायू हवेत मुळातच इतके असतात की ज्वालामुखीने घातलेली भर दुरून वेगळी काढणे कठीण जाते. सल्फर डायऑक्साइड स्वच्छ हवेत नगण्य असतो आणि ७.३ व ८.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास अवरक्त प्रारण शोषतो, म्हणून मापन बहुतेक त्याचेच होते. अतिनील कॅमेरे या वायूच्या बाबतीत अधिक संवेदनशील असतात, परंतु त्यांना सूर्यप्रकाश लागतो. अवरक्त कॅमेरा रात्रभर पहारा देऊ शकतो.

कॅमेऱ्याला वायू थेट दिसत नाही, ही गोष्ट नवागताने सर्वप्रथम मनात पक्की करावी. त्याच्यापर्यंत पोहोचते ते पार्श्वभूमीचे, वायूच्या लोटाचे आणि मधल्या हवेचे एकत्रित प्रारण. लोटामागे थंड आकाश असेल तर तो उजळ दिसतो, तापलेली जमीन असेल तर गडद दिसतो, आणि लोट व पार्श्वभूमी यांचे तापमान सारखे असेल तर वायू कितीही असला तरी प्रतिमेत काहीच उमटत नाही. हे समजून घेण्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. डिसेंबरच्या निरभ्र रात्री पुण्यातील एखाद्या गच्चीवरून ८ ते १४ मायक्रॉनचा साधा थर्मल कॅमेरा वर रोखला, तर आकाशाचे तापमान शून्याच्या बरेच खाली दिसते. तोच कॅमेरा क्षितिजाकडे वळवला की हवेतील बाष्पामुळे आकडा चढत जातो, आणि जुलैत ढगांखाली तर आकाश व जमीन यांत फारसा फरकच उरत नाही. या नोंदी ऋतूंनुसार ठेवाव्यात. त्यांतून जे उमगते ते केवळ सूत्रे पाठ करून उमगत नाही, हे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

उपग्रहावरून पाहताना हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. ७.३ मायक्रॉनचा पट्टा बाष्पाच्या शोषणपट्ट्यात येत असल्याने खालच्या थरांतील वायू त्यात झाकला जातो, पण उंचावर गेलेला लोट स्पष्ट दिसतो. ८.६ मायक्रॉनला नजर जमिनीपर्यंत पोहोचते. मात्र वाळवंटातील क्वार्ट्झयुक्त वाळू आणि ज्वालामुखीची राख तेथे सल्फर डायऑक्साइडसारखीच खूण उमटवतात. राख ओळखण्यासाठी ११ मायक्रॉनला दिसणाऱ्या तापमानातून १२ मायक्रॉनला दिसणारे तापमान वजा करून फरक पाहतात : राखेच्या ढगात तो सहसा ऋण येतो, पाण्याच्या व बर्फाच्या ढगांत धन.

वायूचे प्रमाण मिळाले म्हणजे उत्सर्जनाचा दर मिळाला, असे होत नाही. लोटाच्या आडव्या छेदातील एकूण वायूला लोटाच्या वेगाने गुणावे लागते, आणि सर्वात मोठी अनिश्चितता अनेकदा या वेगातच असते. म्हणून वाऱ्याचा अभ्यास दुय्यम मानू नये.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्के करावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, तर पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. प्रारण आणि बाष्प यांविषयी जाणकारांशी बोलण्याची अशी सोय एकाच शहरात क्वचितच मिळते. पायथन ही संगणकभाषा शिकावी, आणि पहिला सराव म्हणून जून २०११ मधील एरिट्रियातील नाब्रो ज्वालामुखीचा उद्रेक घ्यावा. नासाच्या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाची त्या काळातील माहिती विनामूल्य मिळते आणि वर सांगितलेले चारही पट्टे तिच्यात आहेत. भोवती वाळवंट असल्याने ८.६ मायक्रॉनची अडचण तेथे प्रत्यक्ष अनुभवता येते, आणि मान्सूनच्या वरच्या थरांतील वाऱ्यांनी आशियावर पसरवलेला लोट अनेक दिवस पाहता येतो.