दोउरोत द्राक्षं तुडवायला जाण्याआधी

सगळ्यात आधी तारीख. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबरात होते, कधी ऑक्टोबर उजाडतो. नेमका दिवस द्राक्षाची गोडी ठरवते, म्हणून मागे-पुढे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. द्राक्षमळा आणि वाईनघर मिळून तिथे ‘किंता’ म्हणतात. किंतावाल्यांना आधीच विचारून घ्या, पाहुण्यांना खऱ्या कामात घेता की फोटोपुरतं पाच मिनिटं हौदात उतरवता? जमलं तर पहिल्या प्रकारचीच जागा शोधा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; शेवटची मुदत प्रवासाच्या १५ दिवस आधीची असली तरी तिच्या भरवशावर राहू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पोर्तो शहरातून खोऱ्यातल्या पिन्याओ गावाला रेल्वेने जा आणि उजव्या हाताची खिडकी धरा, नदी त्या बाजूला आहे.

द्राक्षं तुडवायला पायच का, हे समजून गेलात तर बाकीची तयारी आपोआप सुचते. पोर्ट, म्हणजे इथली गोड, कडक वाईन, करताना रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते. पण त्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. पाय साल चिरडतो, बी मात्र फोडत नाही. बी फुटली की रस कडवट होतो. तुमचा पाय त्या दिवशी वाईन करण्याचं अवजार आहे, त्याला तसंच जपा.

नखं कापा, नेलपॉलिश काढा. क्रीम, तेल, परफ्यूम, डासांचा स्प्रे पायाला त्या दिवशी अजिबात नको, सगळं सरळ रसात उतरतं. पायाला जखम किंवा बुरशी असेल तर उतरू नका. टाचांना भेगा असतील तर निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून त्यांची काळजी घ्या, आंबट रस फार झोंबतो. पैंजण, जोडवी, अंगठ्या, घड्याळ खोलीवरच ठेवा. रस मांडीपर्यंत येतो, म्हणून आखूड, गडद, टाकून द्यायला हरकत नाही अशी चड्डी घ्या. दिवसा तोडणीतही हात लावणार असाल तर टोपी, पाणी आणि चांगली पकड असलेले बूट लागतील. शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर सुटे दगड पायाखालून सरकतात. रात्री गारठा पडतो, जॅकेट असू द्या.

आता खरं काम. ‘लागार’ म्हणजे ग्रॅनाइटचा उथळ, चौकोनी हौद. पहिले दोनेक तास ‘कोर्त’ चालतो. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगा करायच्या, ताल देणाऱ्याच्या हाकेवर गुडघा वर उचलायचा आणि पाय पार तळाला टेकवून दाबायचा. घाई नाही, गप्पा नाहीत. सुरुवातीला रस गार लागतो, अखंड घड पायाला विरोध करतात, देठ पोटऱ्यांना ओरखडे काढतात. हळूहळू पायाखालचा थर मऊ होत जातो, आणि तोवर मांड्या भरून आलेल्या असतात. म्हणून महिनाभर आधी रोज जिने चढा, जागच्या जागी गुडघे उचलण्याचा सराव करा. त्यानंतर ‘लिबरदाद’: रांग मोडते, ॲकॉर्डियन सुरू होतो, हौदातच नाच. बरेच पाहुणे फक्त यासाठी येतात. माझं ऐका, कोर्त पूर्ण करा. शेजाऱ्याच्या खांद्याच्या आधाराने उभे राहिलात की मगच तो नाच तुमचाही होतो.

पिणं नंतर, हौदाचा काठ आणि भोवतालची फरशी दोन्ही निसरड्या असतात. रस आंबायला लागला की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. किंतावाले सांगतील तेव्हाच उतरा, एकट्याने कधीच नाही. रसावर वाकू नका, डोकं जड वाटलं तर लगेच बाहेर या.

बाहेर आल्यावर लागतील गडद टॉवेल, रबरी चप्पल आणि ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. चिकटपणा नुसत्या पाण्यानेही जातो. जांभळा रंग नखांच्या कडेला काही दिवस राहतो, खसाखसा घासू नका. हॉटेलच्या पांढऱ्या चादरीत शिरताना मोजे घाला.