स्वतःचे घर बांधताना खर्च कसा आवरावा आणि नियमांतून वाट कशी काढावी

30 फूट रुंद आणि 50 फूट लांब, म्हणजे 1500 चौरस फुटांचा भूखंड हाती आला की घरातले कोणीतरी लगेच वहीवर खोल्या आखायला बसते. त्याच पानावर आधी वेगळे गणित मांडावे. समजा, तिथल्या नियमांनुसार पुढे 10 फूट, मागे 5 फूट आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी 5 फूट जागा मोकळी सोडावी लागते. मग बांधकामासाठी 20 बाय 35, म्हणजे 700 चौरस फूट जागा उरते, आणि हे भूखंडाच्या निम्म्याहूनही कमी आहे. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, कारण मोकळ्या जागेचे नियम गावोगावी आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बदलतात. पण गणिताचा क्रम बदलत नाही. जो ते आधी करतो त्याला आराखडा एकदाच काढावा लागतो. उशिरा करणाऱ्याला आराखड्याचे, आणि क्वचित पायाचेही, पैसे दोनदा मोजावे लागतात.

पायरी 1 : जमिनीचे कागद आणि जमिनीखालची माती

जमीन कोणाच्या नावावर आहे एवढे पाहून भागत नाही. तिचा मंजूर वापर निवासी आहे का, तिच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता कागदावरही रस्ताच आहे का, नियोजित रस्तारुंदीची रेषा तिच्यातून जाते का, आणि वरून वीजवाहिनी किंवा जवळून नाला गेल्यामुळे जादा अंतर सोडावे लागते का, या चार प्रश्नांची उत्तरे व्यवहार पुरा होण्याआधी स्थानिक बांधकाम परवानगी विभागातून मिळवावीत. तोंडी उत्तरावर विसंबू नये. अर्ज देऊन लेखी उत्तर किंवा नकाशाची प्रत घ्यावी.

मातीची तपासणी हा वाचवण्याजोगा खर्च वाटतो, पण तो तसा नाही. भूखंडावर दोन ठिकाणी दीड ते दोन मीटर खोल खड्डे घेऊन कोणता थर कुठे लागतो हे अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे. पाण्याने फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी चिकण काळी माती असेल, किंवा जागा भराव टाकून उंचावलेली असेल, तर पायाचा प्रकारच बदलतो. हे आधी कळले तर अंदाजपत्रकातली एक ओळ बदलते. खोदाई सुरू झाल्यावर कळले तर काम थांबते, मजूर बसून राहतात आणि कर्जावरचे व्याज चालूच राहते.

पायरी 2 : आधी नियम, मग आराखडा

नियमावली जाडजूड असली तरी लहान घराला लागू होणारी कलमे मोजकीच असतात : मोकळी सोडायची अंतरे, भूखंडाच्या किती भागावर बांधता येते, सर्व मजले मिळून किती क्षेत्र बांधता येते, इमारतीची उंची, खोल्यांची किमान मापे, उजेड आणि वारा यांसाठी खिडक्यांचे प्रमाण, वाहनाची जागा, आणि सांडपाण्याची व्यवस्था. यांतली मापे एका कागदावर उतरवून तो कागद वास्तुविशारदापुढे ठेवावा. त्यालाही ते ठाऊक असतातच, पण मालकाला ठाऊक आहेत हे त्याला कळले की ‘हे चालून जाईल’ असे वाक्य बैठकीत येत नाही.

बाल्कनी, छज्जे आणि बाहेरचा जिना मोकळ्या जागेत किती पुढे येऊ शकतात, हे विशेष विचारावे; प्रकरणे बऱ्याचदा तिथेच अडतात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून व पायापासून किती दूर हवा, हेही नकाशा काढण्याआधीच ठरवावे, कारण चिंचोळ्या भूखंडावर त्यांना शेवटी जागाच उरत नाही.

अर्जात त्रुटी निघणे हा परवानगीतला सर्वांत मोठा कालापव्यय आहे, आणि बहुतेक त्रुटी क्षुल्लक असतात : एका कागदावर नाव वेगळे लिहिलेले असते, मोजणीच्या नकाशातले क्षेत्र आणि खरेदीखतातले क्षेत्र जुळत नाही, सही राहून जाते. म्हणून अर्ज देण्यापूर्वी सर्व कागदांवरची नावे, क्षेत्रे आणि भूखंड क्रमांक एकमेकांशी ताडून पाहावेत. त्रुटीपत्र आलेच, तर सगळ्या मुद्द्यांची पूर्तता एकाच वेळी, मुद्देसूद पत्राने करावी. आपले पत्र मिळाल्याची पोच घ्यायला संकोच करू नये.

‘आधी बांधू, मग दंड भरून नियमित करून घेऊ’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. प्रत्येक उल्लंघन दंडाने मिटतेच असे नाही. मोकळ्या अंतरात आलेली भिंत किंवा मर्यादेपलीकडचा मजला पाडावाही लागू शकतो. बांधताना बदल करावासा वाटला, तर तेवढे काम थांबवून सुधारित नकाशा मंजूर करून घेणे हाच स्वस्त मार्ग ठरतो.

पायरी 3 : बचत आराखड्यातच करावी

माझ्या मते घराच्या खर्चातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी त्रासाची बचत इथे आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. वरच्याच भूखंडावर 600 चौरस फुटांचे घर दोन प्रकारे बांधता येईल. 20 बाय 30 फुटांचा साधा आयत घेतला तर बाहेरच्या भिंतींची लांबी 100 फूट होते. 20 बाय 35 चा आयत घेऊन लांब बाजूच्या मध्यावर 10 बाय 10 चा खाचा सोडला, तरी क्षेत्र 600 चौरस फूटच राहते, पण भिंतींची लांबी 130 फूट होते. 30 फूट जादा भिंत म्हणजे 10 फूट उंचीला 300 चौरस फूट वीटकाम, दोन्ही अंगांनी मिळून 600 चौरस फूट गिलावा आणि तेवढाच रंग, शिवाय तिच्याखालचा पाया. खाचा उजेडासाठी लागत असेल तर अवश्य ठेवावा. नुसता दर्शनी भाग उठून दिसावा म्हणून ठेवायचा असेल, तर त्याची किंमत ठाऊक असावी.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, आणि वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर खालच्याच्या डोक्यावर घेतले, की नळ व सांडपाण्याचे पाइप निम्म्या वाटेत संपतात आणि गळतीची ठिकाणेही कमी होतात.

जिन्याला वहीवर नेहमीच कमी जागा दिली जाते. मजल्यापासून मजल्यापर्यंत 10 फूट, म्हणजे 120 इंच चढायचे असतील आणि एक पायरी सुमारे 7 इंच उंच धरली, तर 17 चढ येतात आणि पाय ठेवायला 16 पायऱ्या लागतात; प्रत्येकी 10 इंच रुंदीने सरळ जिन्याची लांबी 13 फूट 4 इंच होते. त्याच्या दोन्ही टोकांना उभे राहण्याची जागा वेगळी. हे माप आराखड्यात नसेल, तर जिना शेवटी शिडीसारखा उभा होतो किंवा एखादी खोली खातो.

घर टप्प्याटप्प्याने बांधायचे असेल, तर परवानगीचा नकाशा आणि पायाची रचना मात्र अंतिम घराची करावी. परवानगीची मुदत संपण्याआधी ती वाढवून घ्यावी लागते, याची नोंद ठेवावी. पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळया उघड्या राहिल्या तर गंजतात. त्यांच्यावर कमी सिमेंटच्या काँक्रीटचे आवरण घालून ठेवावे, म्हणजे पुढे ते फोडून काढता येते.

पायरी 4 : अंदाजपत्रक आणि करार

‘चौरस फुटाला इतके’ या दरात काय आले आणि काय नाही, हे विचारल्याशिवाय दोन ठेकेदारांची तुलना होत नाही. कुंपणाची भिंत, पाण्याची जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, खिडक्यांचे ग्रिल, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि जोत्यातली मुरमाची भर ही कामे दरातून हमखास बाहेर राहतात. चौरस फूट कुठले, हाही प्रश्न आहे : बाल्कनी पूर्ण मोजायची की निम्मी, जिन्याचे क्षेत्र दर मजल्यावर धरायचे का, गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा करायच्या का. करारात हे शब्दांत लिहिलेले असावे.

पैसे कामाच्या टप्प्यांवर बांधावेत; पाया, जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा असे टप्पे ठरवून प्रत्येक टप्पा अभियंत्याने पाहिल्यावरच हप्ता द्यावा. हप्ता कामाच्या पुढे धावू लागला की मालकाचा शब्द चालेनासा होतो. प्रत्येक बिलातून 5 ते 10 टक्के रक्कम राखून ठेवण्याची अट घालावी, आणि स्वतःच्या अंदाजपत्रकात निदान 10 टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवावी. ती टाइल्स निवडताना आठवू नये.

पायरी 5 : आखणी, आणि कुंपणाचा धडा

माझ्या बांधकामात आखणीची दोरी ज्या जुन्या तारेच्या कुंपणावरून धरली होती, ते कुंपण खऱ्या हद्दीपेक्षा एक फूट पलीकडे, शेजाऱ्याच्या जागेत होते. मिस्त्रीने कुंपणापासून टेप लावून बरोबर 5 फूट मोजले. हद्दीपासून ते 4 फूटच भरले. मोजणीचे दगड शोधून पुन्हा माप घेतले तेव्हा चर अर्धे खणून झाले होते, म्हणून दोन दिवसांची मजुरी आणि थोडी लाज एवढ्यावर निभावले. जोते बांधून झाल्यावरच्या तपासणीत हे निघाले असते, तर पुढचे काम करू दिले नसते. म्हणून आखणी नेहमी अधिकृत मोजणीच्या खुणांवरून घ्यावी, दोन्ही कर्ण मोजून काटकोन तपासावेत, आणि जिथे जोत्याची तपासणी बंधनकारक असते तिथे त्या तपासणीचा लेखी दाखला हाती आल्याशिवाय वर जाऊ नये.

पायरी 6 : साहित्य मोजून घ्यावे, काँक्रीटला वेळ द्यावा

सळई तपासायला वजनकाटा आणि टेप पुरतो. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एक मीटर सळईचे किलोमधले वजन मिळते. 12 मिलिमीटरच्या सळईसाठी 144 भागिले 162, म्हणजे 0.889 किलो, 12 मीटरची अख्खी सळई सुमारे 10.67 किलो भरली पाहिजे. थोडा फरक चालतो, पण ती साडेनऊ किलोच भरली, तर सळई बारीक आहे. वजनावर विकत घेतली असेल तर पैसे बुडत नाहीत, मात्र तुळईत अभियंत्याने धरलेले पोलादही जात नाही. नगावर घेतली असेल तर दोन्हीकडून तोटा.

वाळूचे गणित अधिक फसवे आहे. किंचित ओली वाळू फुगते आणि कोरड्या वाळूपेक्षा सुमारे पाव भागाने, कधी त्याहूनही जास्त जागा व्यापते. पूर्ण भिजली की ती पुन्हा खाली बसते. सरळ काचेच्या बरणीत ट्रकमधली ओलसर वाळू दोन तृतीयांश भरून पातळीवर खूण करावी, मग वाळू बुडेपर्यंत पाणी घालून काडीने ढवळावे आणि स्थिर होऊ द्यावे. पातळी जितकी खाली जाते तितकी हवा आपण विकत घेत होतो. हाच फुगवटा धरला नाही, तर घमेल्याने मोजलेल्या मिश्रणात वाळू कमी पडते.

स्लॅबची जाडी ओतताना सुईसारखी सळई खुपसून तपासावी. 700 चौरस फूट स्लॅब हलगर्जीपणाने एक इंच जाड झाला, तर सुमारे 58 घनफूट काँक्रीट जादा लागते आणि साधारण 4 टनांचा भार खांबांवर कायमचा बसतो. पाण्याबाबतही असेच लक्ष हवे. 50 किलोच्या एका पोत्याला, पाणी व सिमेंट यांचे प्रमाण 0.5 धरल्यास, वाळूतला ओलावा मिळून 25 लिटर पाणी बसते. काँक्रीट सहज सरकावे म्हणून कामगार त्यात आणखी एक बादली ओततो तेव्हा त्याची मेहनत वाचते आणि स्लॅबची ताकद जाते. ते पसरायला अवघड जात असेल तर व्हायब्रेटर वापरावा, पाणी नाही.

काँक्रीट किमान 7 दिवस, आणि उष्ण कोरड्या हवेत किंवा मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेले) वापरले असल्यास किमान 10 दिवस सतत ओले ठेवावे. सेंटरिंगचे, म्हणजे ओल्या काँक्रीटला खालून दिलेल्या फळ्या-टेकूंच्या आधाराचे, भाडे दिवसावर चढते, म्हणून ठेकेदाराला ते लवकर काढायचे असते. पण सर्वसाधारण हवामानात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस, आणि तुळयांचे लांबीप्रमाणे 14 ते 21 दिवस ठेवण्याचा प्रघात आहे. सिमेंट मिश्र असेल किंवा हवा थंड असेल तर अभियंत्याला विचारून मुदत वाढवावी.

सळया बांधून झाल्यावर आणि पाइप टाकून झाल्यावर, ते झाकले जाण्यापूर्वी, शेजारी टेप धरून छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे भिंतीत खिळा ठोकताना त्यांची किंमत कळते. पैसे कमी पडू लागले तर फरशी, रंग, कपाटे, फॉल्स सीलिंग यांत हात आखडावा, कारण ती कामे पाच वर्षांनीही करता येतात. पाया, सळई, वॉटरप्रूफिंग आणि भिंतीतल्या वायरी ही कामे पुन्हा सहज करता येत नाहीत.

पायरी 7 : शेवटचे कागद आणि शेवटचा हप्ता

राहायला गेल्यावर भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे पुरे झाले असून वापरता येईल अशा दाखल्याचा, कंटाळा येतो, आणि ते वर्षानुवर्षे राहून जाते. पुढे कायमची नळजोडणी, बँकेकडून मिळायचा कर्जाचा शेवटचा हप्ता, घराची विक्री किंवा वाढीव मजल्याची परवानगी यांपैकी कशासाठीतरी ते मागितले जातेच, तोवर वास्तुविशारद बदललेला असतो. म्हणून त्याच्या मानधनाचा काही भाग या प्रमाणपत्राशी जोडून ठेवावा.

ठेकेदाराची राखीव रक्कम देण्याआधी गच्चीचे पाणी जाण्याचे मार्ग बंद करून तिच्यावर दोन इंच पाणी भरावे आणि ते दोन दिवस तसेच ठेवावे. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या प्रत्येक खोलीत टॉर्च घेऊन छत पाहावे. कोपरे, पंख्याच्या हुकाभोवतीची जागा आणि पाइप स्लॅबमधून उतरतो ते ठिकाण हाताने चाचपावे. हात कोरडा राहिला तर धनादेश लिहावा.