यूप्रोबचा पॅच तपासताना आधी ऑफसेट बघा

ट्रेसिंग टूलमध्ये (चालू प्रोग्राम आत काय करतो ते टिपणाऱ्या साधनात) यूजर-स्पेस प्रोबची, म्हणजे यूप्रोबची (लिनक्स कर्नलमार्फत साध्या प्रोग्राममध्ये लावायच्या निरीक्षण-बिंदूची) सोय करणारा पॅच आला, की आधी पत्त्याचं गणित तपासा. कर्नलला लागतो तो फाइलचा आयनोड (फाइलसिस्टममधली तिची नोंद) आणि फाइलमधला ऑफसेट (सुरुवातीपासून किती बाइट आत), सिम्बॉल टेबलमधला (फंक्शनची नावं आणि पत्ते यांच्या यादीतला) व्हर्च्युअल पत्ता नव्हे. सिम्बॉलच्या पत्त्यातून त्याच्या लोड सेगमेंटचा (बायनरीचा मेमरीत चढणारा भाग) व्हर्च्युअल पत्ता वजा करायचा आणि उत्तरात त्या सेगमेंटचा फाइल ऑफसेट जोडायचा. बऱ्याच पीआयई (मेमरीत कुठेही लोड होऊ शकणाऱ्या) बायनरींत दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून चुकीचा कोडही चाचणीत बिनबोभाट पास होतो. नॉन-पीआयई बायनरीवर चालवून बघा, लगेच उघडं पडेल. ऑफसेट इन्स्ट्रक्शनच्या मध्येच पडला तर जास्त वाईट: एक्स८६ वर ब्रेकपॉइंटचा बाइट तिथेच लिहिला जातो आणि ज्याला हात लावायचा नव्हता तो प्रोग्रामच कोसळू शकतो.

मग एरर पाथ, म्हणजे काही फसल्यावर चालणारा कोड. फाइल उघडून आयनोडचा रेफरन्स घेतला आणि पुढे प्रोबची नोंदणी फसली, तर तो रेफरन्स सोडला जातो का? साफसफाईसाठी कोड जिथे उडी मारतो ते प्रत्येक गोटो लेबल उलट्या क्रमाने वाचा. गळती बहुतेक इथेच सापडते.

आर्ग्युमेंटमधली स्ट्रिंग यूजर मेमरीसाठीच्या फंक्शननेच वाचलेली हवी. कर्नल मेमरीचं फंक्शन काही आर्किटेक्चरवर चालून जातं, पण एस३९० (आयबीएमचं मेनफ्रेम) वर नाही. पान मेमरीत नसेल तर वाचन फसू शकतं, तेव्हा परतलेली व्हॅल्यू दुर्लक्षित केलेली चालणार नाही.

रिटर्न प्रोब (फंक्शन संपताना चालणारा) एक्स८६ वर स्टॅकवरचा परतीचा पत्ता बदलतो. गो भाषेचं रनटाइम चालू असताना स्टॅक हलवतं, त्यामुळे गो प्रोग्रामवर तो लावला तर क्रॅश होऊ शकतो. टूलने निदान इशारा तरी द्यावा.