जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बॅकअपसाठी बाहेरून कशी जोडावी

लॅपटॉपला एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घेतली की आतून निघालेली हार्ड डिस्क दुकानदार आपल्याला परत देतो आणि ती बहुधा कपाटाच्या खणात पडून राहते. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यानंतर अनेकांनी संगणकच बदलले, त्यामुळे अशा डिस्का घरोघरी निघाल्या आहेत. योग्य केसिंगमध्ये, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडता येईल अशा बाहेरच्या डबीत, बसवल्यास अशी डिस्क बॅकअपसाठी उत्तम उपयोगी पडते. मात्र ती आधीच काही वर्षे फिरलेली असते, म्हणून तिच्यावर आपल्या फाइलींची दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवावी, एकमेव प्रत कधीही ठेवू नये.

खरेदीला जाण्यापूर्वी डिस्कचे लेबल नीट वाचावे. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते आणि तिच्यावर फक्त ५ व्होल्टचा उल्लेख असतो; तिला लागणारी वीज यूएसबी केबलमधूनच मिळते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कवर ५ आणि १२ असे दोन्ही आकडे छापलेले असतात, आणि तिच्यासाठी स्वतंत्र पॉवर अडॅप्टर असलेलेच केसिंग घ्यावे लागते. त्यानंतर डिस्कची मागची कड पाहावी. तिथे इंग्रजी एल अक्षरासारख्या आकाराच्या दोन सपाट पट्ट्या, म्हणजे डेटासाठी ७ संपर्कांची अरुंद आणि विजेसाठी १५ संपर्कांची रुंद, शेजारी शेजारी असतील तर ती साटा (आजच्या डिस्कांची नेहमीची जोडणी) प्रकारची डिस्क आहे आणि बाजारातले बहुतेक केसिंग तिला चालते. त्याऐवजी बारीक पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ती जुनी आयडीई डिस्क समजावी. तिच्यातला मजकूर काढून घेण्यापुरता अडॅप्टर वापरावा, पण बॅकअपसाठी ती ठेवू नये, कारण तिचे वय झालेले असते आणि क्षमताही आजच्या मानाने फारच कमी असते.

नुसती साटा ते यूएसबी केबल स्वस्त पडते आणि एकदाच डेटा काढायचा असेल तर पुरेशी असते. नियमित बॅकअपसाठी मात्र बंद केसिंगच घ्यावे, कारण उघड्या डिस्कचे सर्किट बोर्ड हाताळताना सहज दुखावते. अडीच इंची डिस्का ७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडींच्या सर्रास आढळतात. केसिंग दोन्हींना चालते का, हे दुकानातच विचारावे. यूएसबी ३.० चेच केसिंग घ्यावे. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट एवढाच वेग मिळतो, म्हणजे १ टीबी भरायला साधारण सात ते नऊ तास लागतात, तर तीच डिस्क यूएसबी ३.० वर स्वतःच्या पूर्ण वेगाने चालते.

डिस्क बसवताना केसिंगची केबल संगणकाला जोडलेली नसावी. हाताला स्थिर वीज असू शकते, म्हणून आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा, डिस्क कडांनी धरावी आणि बोर्डाला बोटे लावू नयेत. कनेक्टर समोरासमोर आणून डिस्क सपाट ठेवून सरळ सरकवावी. ती तिरकी आत गेली किंवा जोर लावावा लागला तर थांबून पुन्हा पाहावे, कारण कनेक्टरचे प्लास्टिक मोडले की डिस्क चांगली असूनही निकामी ठरते.

केबल जोडल्यावर डिस्क फिरू लागल्याचा हलका आवाज यायला हवा. ती पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडत असेल तर प्रथम विजेचा संशय घ्यावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चा ९०० मिलिअँपिअर देतो, आणि डिस्कला सुरू होतानाच सर्वाधिक वीज लागते. म्हणून मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) न ठेवता, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला, आखूड केबलने जोडून पाहावे. तरीही कटकट असा आवाज येत राहिला तर ती डिस्क बॅकअपसाठी बाद समजावी.

विंडोज कधी कधी लगेच डिस्क ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करण्याबद्दल, म्हणजे ती नव्याने वापरासाठी तयार करण्याबद्दल विचारते. जुना मजकूर हवा असेल तर इथे नकार द्यावा. डिस्क मॅक किंवा लिनक्सवर वापरलेली असली तरीही हाच संदेश येतो. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. जुन्या फाइली दुसरीकडे सुरक्षित उतरवल्याची खात्री होईपर्यंत पुढची पायरी घेऊ नये.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या यंत्रणेत ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवते. त्यातील ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने संशयित ठरलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर. तिन्हींच्या कच्च्या आकड्यांच्या रकान्यात शून्य असेल तर पुढे जावे. माझ्या मते सी५ किंवा सी६ मध्ये शून्याखेरीज काहीही दिसले तरी त्या डिस्कवर बॅकअप ठेवू नये. सी७ मधला आकडा मात्र बहुतेक वेळा केबलचा किंवा जोडणीचा दोष दाखवतो, त्यामुळे डिस्क टाकून देण्याची गरज नसते. काही केसिंग ही माहिती पुढे पाठवतच नाहीत, तेव्हा वेगळे केसिंग वापरून पाहावे.

मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. इथे डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा ताडून पाहावी, कारण चुकीचे पार्टिशन (डिस्कचा विभाग) पुसले गेले तर हा सगळा खटाटोप उलटा अंगावर येतो. जुनी पार्टिशने काढून, डिस्क २ टीबीहून मोठी असेल तर जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) निवडून, एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल-रचनेत फॉरमॅट करावी. मॅकवरही लिहायची असेल तर दोन्हीकडे चालणारी एक्सफॅट रचना घ्यावी. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाकावी. पूर्ण फॉरमॅटमध्ये संपूर्ण डिस्कवर एकदा लिहिले जाते, त्यामुळे १ टीबीला काही तास लागतात. पण त्यानंतर स्मार्टचे आकडे पुन्हा पाहिले की लपलेला दोष बहुधा उघड होतो.

बॅकअपसाठी विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘फाइल हिस्टरी’ पुरते. ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांच्याच प्रती घेते. आपल्याकडे पुष्कळ जण फोटो आणि हिशेब थेट डी ड्राइव्हमध्ये ठेवतात. ते फोल्डर आधी लायब्ररीत (विंडोजच्या फोल्डरांच्या यादीत) समाविष्ट केले नाहीत तर त्यांचा बॅकअप होतच नाही. रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल-नकल आज्ञेचा ‘मिर’ पर्याय वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मूळ ठिकाणी पुसलेली फाइल तो बॅकअपमधूनही पुसतो. मॅकवर टाइम मशीन या तिथल्या बॅकअप सॉफ्टवेअरला ही डिस्क दिली की बाकीचे काम ते स्वतः करते.

काम झाले की ‘सेफली रिमूव्ह’ करून, डिस्क फिरायची थांबल्यावर केबल काढावी आणि डिस्क वेगळी ठेवावी. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) संगणकाइतकीच उघडी असते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे चांगले. साडेतीन इंची डिस्क केवळ अडॅप्टरवर चालत असल्याने, वीज जाण्याचा त्रास असेल तिथे ती यूपीएसवर जोडूनच वापरावी. दर तीन महिन्यांनी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फोटो आणि एखादी मोठी फाइल उघडून पाहावी, स्मार्टचे आकडे मागच्या वेळेशी ताडावेत, आणि ०५, सी५ किंवा सी६ मधला एकही वाढलेला दिसला तर त्याच आठवड्यात नवी डिस्क आणून सर्व प्रती तिच्यावर हलवाव्यात.