आधी सावली, मग पाणी : सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी घर-बाग तयार करताना या चुका टाळा

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात. सोलापुरात होळीपर्यंत दुपारचं ऊन टोचायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो. मग घरोघरी एकच उपाय सुरू होतो : पाणी. गच्चीवर पाणी मार, कुंड्यांना दोन वेळा घाल, अंगणात सडा टाक. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथं ही सवय फार महागात पडते. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहून आणि गच्चीवर बाग सांभाळून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या बहुतेक चुका एकाच जागी होतात : जिथं सावली करायला हवी, तिथं आपण पाणी ओततो.

पडदा चुकीच्या खिडकीला

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही. ते थंडीत येतं. तरी दरवर्षी जाड पडदा दक्षिणेला लागतो आणि पश्चिमेची खिडकी उघडी राहते. दुपारी तीननंतर सूर्य खाली येतो तो थेट याच खिडकीतून आत घुसतो आणि भिंतही तापवतो.

दुसरी चूक म्हणजे पडदा आतून लावणं. काच ओलांडून ऊन आत आलं की उष्णता घरात शिरलीच, मग पडदा कितीही जाड असो. बांबूचा चिक, गोणपाट किंवा शेडनेट (सावलीसाठीची जाळी) खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर अंतर सोडून बांधा. फरक त्याच संध्याकाळी भिंतीला हात लावून कळतो.

काही जण खिडकीत ओली सोलापुरी चादर टांगतात. चादर आपल्या गावची शान आहे, पण या कामाला ती नको. तिची वीण इतकी घट्ट की ओली झाली की वारा अडतो आणि खोली कोंदते. विरळ विणीचं पोतं किंवा जुना पंचा बरा, त्यातून वारा येतो आणि येताना थंड होतो.

‘हवा खेळती राहावी’ म्हणून दिवसभर दारं-खिडक्या उघड्या ठेवू नका. दहा वाजल्यानंतर बाहेरून येतात त्या झळाच. सकाळी दहाला बंद, सूर्य मावळल्यावर उघड्या, आणि रात्रभर आरपार वारा वाहू द्या.

गच्ची आणि पत्रा

सूर्य डोक्यावर म्हटल्यावर सगळा मार छतावर. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, म्हणून रात्री अकराला पंख्याखालीही गरम वारा लागतो. गच्चीवर बादल्या ओतल्या तर तासाभराचा गारवा मिळतो. पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परतवण्याचं काम पूर्ण हंगाम चालतं, तेही थेंबभर रोजचं पाणी न घालता.

पण चुना धुळीवरच फासला तर आठ दिवसांत पोपडे येतात. आधी गच्ची खराट्याने झाडून धुवा, भेगा भरून घ्या. चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात चिकटपणासाठी फेविकॉलसारखा डिंक मिसळा. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, आणि दोन्ही संध्याकाळी. तापल्या स्लॅबवर चुना पसरायच्या आत सुकतो. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, चुना डोळ्यात गेला तर इजा करतो. कुरडया-पापडांची वाळवणं असतील तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा.

पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास पत्र्याची घरं खूप आहेत आणि तिथली दुपार काय असते ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. पत्र्यावर शेडनेट टाकताना ती सपाट अंथरली जाते, तीच चूक. जाळी तापते आणि तीच उष्णता पत्र्याला देते. बांबू किंवा पाइप लावून जाळी फूटभर वर ताणा, मधून वारा गेला पाहिजे. कडबा पसरण्याची जुनी रीत गार खरी, पण शेजारी चूल किंवा विजेची उघडी तार असेल तर ते जोखमीचं आहे.

कूलर आणि एसी

आपलं ऊन कोरडं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कूलर उत्तम चालतो. तरी ‘कूलर लावला तरी चिकचिक होते’ ही तक्रार सगळीकडे. कारण बहुतेक वेळा एकच असतं : खोली बंद. कूलर जितकी ओली हवा आत ढकलतो तितकी बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी निदान अर्धी उघडी ठेवा. वळवाचे ढग आले की मात्र हवाच दमट होते. तेव्हा पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा.

लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग आहे का, हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. कूलरच्या शॉकने माणसं जातात, इथं हयगय नको.

डासांचं तसंच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती अंडी कडेला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून माळ्यावरून काढलेल्या कूलरमध्ये सरळ पाणी भरायचं नाही, आधी टाकी काथ्याने घासायची. बॅरल आणि हौदही आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा. पाणी साठवल्याशिवाय आपलं चालत नाही, त्यामुळे हे काम आपल्यालाच जास्त चुकवता येत नाही.

एसीबद्दल एकच सांगते. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे खरं नाही. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. मला एका मेकॅनिकने लागोपाठ दोन उन्हाळे गॅस भरून दिला, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याने नळीचा जोड तपासला आणि गळती तिथंच निघाली. आधी गळती शोधायला सांगा. छताचा पंखा हळू फिरत असेल तर नवा घेण्याआधी त्याचा कंडेन्सर (कपॅसिटर) बदलून बघा.

बाग : कोमेजलं म्हणजे तहान नव्हे

या चुकीने माझा आठ वर्षांचा कढीपत्ता गेला, म्हणून जरा सविस्तर.

मे महिना होता. दुपारी अडीचला पानं मलूल लोंबायची. मला वाटलं, तहानलंय. मी सकाळी पाणी घालायची, दुपारी घालायची, संध्याकाळीही. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. कुंडी उलटी केली तेव्हा माती चिखल झालेली, आंबूस वास येत होता आणि मुळं बोटांनी ओढली की साल सुटून हातात यायची.

दुपारी पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं. जास्वंदीचं तर रोजच होतं. दुपारच्या झाडावरून काहीही ठरवू नका. सकाळी सहाला बघा. तेव्हाही पान लोंबलेलं असेल आणि मातीत दोन पेरं बोट घालून ओल लागत नसेल, तरच ते तहानलंय.

याच्या उलटही होतं. पाणी घातलं की लगेच कुंडीच्या भोकातून वाहतं आणि आपण समजतो, भिजलं. कुंडी उचलून बघा, हलकी लागली तर पाणी मातीच्या आणि कुंडीच्या मधल्या फटीतून निसटलंय. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली माती एकदा पूर्ण वाळली की पाणी धरत नाही. वरची माती काट्याने मोकळी करा आणि कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत टबात ठेवा.

पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी हाताला सोसत नाही इतकं गरम येतं. ते बादलीत सोडा, झाडाला नको.

पाण्याची बचत म्हणून कूलरचं उरलेलं पाणी कुंडीत ओततात, तेही टाळा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि बोअरचे क्षार मागे राहतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच मातीत जाईल. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तसंच, ते फरशीला वापरा. एसीच्या नळीचं पाणी मात्र झाडांना चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

अंगणातल्या काळ्या मातीला भेगा पडतात, मुळं तुटतात आणि भेगेतून खालची ओलही उडते. ज्वारीत भेगा बुजवायला कोळपणी का करतात, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालत आलंय ते उगाच नव्हे. बागेतही तेच करा : खुरप्याने भेगा बुजवा, वर उसाच्या पाचटाचा किंवा पाल्याचा दोन-तीन इंच थर द्या. पाचट खोडाला टेकवू नका, वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते.

छाटणी, कुंडी बदलणं, युरिया, कच्चं शेणखत हे सगळं मृगापर्यंत थांबवा. एप्रिलमध्ये छाटलेल्या गुलाबाला फुटलेली कोवळी पालवी दोन दिवसांत करपते. पानांच्या मागे बारीक जाळं आणि ठिपके दिसले तर तो लाल कोळी, कोरड्या हवेत तो फार वाढतो. सकाळी पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर सूर्य मावळल्यावरच, उन्हात पानं भाजतात.

शेडनेट घेताना पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या. जास्त दाट घेतली तर झाडं उंच, लुकडी होतात. पश्चिमेची बाजूही झाका, नुसतं वरून झाकून दुपार टळत नाही. गाठी अशा मारा की वळवाचं वारं सुटलं तर दोन मिनिटांत सोडता येतील. पाऊस सुरू झाला म्हणून जाळी एका सकाळी काढून टाकू नका. दोन-तीन महिने सावलीत वाढलेली पानं उघडिपीच्या पहिल्याच उन्हात भाजतात, म्हणून ढगाळ दिवस बघून आधी एक बाजू सोडा आणि आठवड्याने वरची.